पर्सी होलरॉइडची जीभ

क्रॅगडेनमध्ये पर्सी होलरॉइडच्या जिभेला मोठा मान होता. बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीसमोर, चढावरच्या रस्त्याला त्याचा ‘कार्डर्स आर्म्स’ हा पब. गावात आणखी चार पब होते, पण बिटर, म्हणजे तिकडची कडवट बिअर, प्यावी तर पर्सीकडची, असं सगळे म्हणत. म्हणजे एकमेकांत म्हणत, पर्सीच्या तोंडावर कधीच नाही. यॉर्कशरच्या ह्या डोंगरी माणसांना चांगल्याला चांगलं म्हणायचं अगदी जिवावर येतं. ग्लास उजेडात धरायचा, पहिला घोट तोंडात घोळवायचा, ओठावरचा फेस मनगटाने पुसायचा आणि म्हणायचं, “बरी आहे.” कौतुक इथे संपतं, ह्याच्या वर पायरीच नाही. बिघडलेली असली तर मात्र तोंडाला कुलूप नसतं. “पर्सी, ही बिटर आहे की गिरणीच्या नाल्यातलं पाणी?” असं भर गर्दीत विचारतात आणि ग्लास परत सरकवतात. तो इथला हक्कच आहे, जन्मसिद्ध म्हणावा असा.

असा प्रश्न पर्सीला एकतीस वर्षांत फार तर पाच-सहा वेळा ऐकावा लागला असेल. ब्रुअरीचे साहेब एकदा येऊन ‘उत्तम तळघर’ म्हणून चौकटीतलं प्रशस्तिपत्र देऊन गेले. पर्सीचे कान लाल झाले. डोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते प्रशस्तिपत्र पुरुषांच्या मुतारीत लावलं. “तिथे निवांत वाचतील,” हसत म्हणाली.

ती हसत होती त्याला कारण होतं. पर्सीला चव कळतच नव्हती.

सव्विसाव्या वर्षी गिरणीत असताना लोकरीचा एक गठ्ठा दोर तुटून त्याच्या डोक्यावर आला. तीन दिवसांनी शुद्धीवर आला तेव्हा त्याने चहा मागितला, एक घोट घेतला आणि म्हणाला, “हे नुसतं गरम पाणी आहे.” लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डोरीनने घरी आल्यावर त्याला मोहरी चाटवली, कच्चा कांदा खायला लावला, शेवटी व्हिनेगरचा चमचा तोंडात घातला. गडी शांतपणे गिळून पुढच्या चमच्याची वाट बघत बसला. वासही गेला होता, चवही गेली होती. तोंडात पडलं ते गरम की गार, दाट की पातळ, इतकंच कळे. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित हळूहळू. आली नाही.

आणि अशा माणसाने दोन वर्षांनी पब चालवायला घेतला! आंधळ्याने कापडाचं दुकान काढावं तसंच झालं हे. पण गिरणीत परत पाऊल टाकायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा, आणि डोरीनचा मामा म्हातारपणी कार्डर्स आर्म्स सोडत होता. डोरीनचे वडील दारू वर्ज्य मानणाऱ्या मेथडिस्ट चॅपेलमधले प्रवचनकार. त्या घरात लेमोनेडची बाटलीसुद्धा संशयाने बघितली जाई. अशा घरातल्या मुलीने पंचविसाव्या वर्षी तळघराच्या पायरीवर बसून बिटरचा पहिला घोट घेतला आणि तो मोरीत थुंकला.

“शी! हे लोक आपल्या मर्जीने पितात?”

“कशी लागते ते तरी सांग.”

“कडू. आणि मग... थांब.” तिने परत घेतली. “कडूच, पण नंतर आत काहीतरी भाजलेल्या पावासारखं राहतं. आणि अगदी शेवटी परत कडू. पर्सी, हा कडूपणा जातच नाही रे.”

“तीच तर गंमत आहे,” पर्सी म्हणाला. त्याला आठवत होतं ना. दोनच वर्षं तर झाली होती.

त्या दिवसापासून त्याची जीभ म्हणजे डोरीन. रोज सकाळी साडेदहाला एक घोट, त्याच्या वर जन्मभर तिने थेंब घेतला नाही. पण त्या एका घोटात तिला काय काय कळे! पिंप कालचं की परवाचं, तळघर रात्री किती गार होतं, सगळं सांगे. भांडण झालं की म्हणायची, “तुझी जीभ माझ्या तोंडात आहे, जरा जपून बोल माझ्याशी.” मूलबाळ झालं नाही. रोजचे साडेदहा मात्र झाले, आणि त्या दोघांना ते पुरले असावेत असं वाटतं.

बिटर ही जिवंत वस्तू आहे. ब्रुअरीतून पिंप येतं तेव्हा ती आत अजून उकळ्या घेत असते. पिंपाच्या पोटावरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे तिला श्वास घेता येतो. ती निवळली की कठीण लाकडाची खुंटी बसवायची, म्हणजे श्वास कोंडतो आणि आतला जीव आतच राहतो. निवळली की नाही ते डोळ्यांना कळतं, आणि पर्सीचे डोळे घारीचे होते. पण निवळलेली बिटर तयार झालेली असतेच असं नाही. ते जिभेलाच कळतं. आज उघडायची की उद्या, ह्यात पबची अब्रू असते.

पिंपं तळघरात आणि पंपाचा दांडा वर, काउंटरला. साडेदहाला पर्सी खाली खुंटीवर हात ठेवून उभा राही. वर डोरीन नळीतली रात्रभर राहिलेली बिअर ओढून फेकून देई, मग नवीन पिंपातला अर्धा ग्लास भरून घोट घेई. ओरडून सांगायची सोय नव्हती. लूथर बेअरस्टो नावाचा पोस्टमन, नोकरीत असताना टपाल वाटून आणि निवृत्त झाल्यावर घरून थेट, सव्वादहापासून खिडकीखालच्या बाकावर येऊन बसायचा आणि दार उघडायची वाट बघायचा. म्हणून डोरीन टाच आपटी. तिच्या बुटांच्या टाचांना लोखंडी पत्री होती. एक ठोका म्हणजे बरी आहे, चालू कर. दोन म्हणजे आज नको, उद्या. तीन म्हणजे गेली, परत पाठव. तीन ठोके एकतीस वर्षांत चारदाच पडले.

आणि मग तो फेब्रुवारीतला मंगळवार आला.

सकाळी टोस्ट जळला होता. डोरीन म्हणाली, “तुला काय फरक पडतो?” पर्सी म्हणाला, “मला दिसतो ना काळा.” एवढंच बोलणं झालं. साडेदहाला तो खाली गेला. नवं पिंप निवळून दोन दिवस झाले होते. त्याने खुंटी सैल केली. वर पंप दोनदा ओढल्याचा आवाज आला. मग थोडी शांतता. तो छताकडे बघत उभा होता.

ठोका पडला. एक श्वास जाईल इतक्या वेळाने दुसरा.

दोन. म्हणजे आज नको.

“उद्या बघू मग तुझ्याकडे,” तो पिंपाला म्हणाला आणि कठीण खुंटी परत घट्ट बसवली. दुसऱ्या पिंपात कालची थोडी उरली होती, दुपारपर्यंत पुरली असती. मग त्याने झाडू घेतला. फरशी झाडली, धुतली, रिकामी पिंपं भिंतीला लावली. शीळ घालत होता. नंतर त्याला सगळ्यात जास्त आठवायची ती ही शीळ. अकराला पाच मिनिटं कमी असताना दार उघडायला तो वर आला.

डोरीन काउंटरमागे आडवी पडली होती. ग्लास रबरी चटईवर पडून फुटला नव्हता, नुसता कलंडला होता. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. पर्सीने विचारलं, लगेच गेली का? डॉक्टर प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, “सांगता येत नाही. लगेच गेली असेल. थोडा वेळ लागलाही असेल.” पर्सी म्हणाला, “कोणी जवळ असतं तर?” डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तेच परत म्हणाला, सांगता येत नाही.

तेव्हापासून पर्सीच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. ते दोन ठोके डोरीनच्या टाचेचे होते का? असतील, तर ती नंतर कधीतरी पडली, कदाचित तो पायऱ्या चढत असतानाच. मग त्याच्याकडून काही चुकलं नाही. पण तिने एकच ठोका दिला असेल आणि दुसरा आवाज तिच्या पडण्याचा असेल, तर? तर डोक्यावर फळ्यांचं छत आणि त्या फळ्यांवर बायको, आणि हा खाली पंचवीस मिनिटं शीळ घालत झाडतोय.

ह्याला साक्षीदार एकच होता. ते पिंप. त्या मंगळवारी त्यातली बिटर तयार असेल तर डोरीनने एकच ठोका दिला असणार. तयार नसेल तर दोन. डोरीन कधी चुकत नसे. कोणीही जाणकार माणूस त्याच दिवशी एक घोट घेऊन सांगू शकला असता. गावात जाणकार म्हणून ज्याचं नाव होतं त्या पर्सीने रात्री एकट्याने खाली जाऊन घेतलाही घोट. गार होता, एवढं कळलं. दुसऱ्या कोणाला विचारायचं, तर काय म्हणून विचारायचं? एकतीस वर्षांचं बिंग फोडायचं, आणि वर त्या माणसाकडून असलं उत्तर वदवून घ्यायचं? त्याची हिंमत झाली नाही.

आठवडा गेला. डोरीनची धाकटी बहीण मॉरिन हॅलिफॅक्सहून येऊन राहिली. चॅपेलमध्ये प्रार्थना झाली, नंतर सगळ्यांना हॅम आणि चहा. चॅपेलची मंडळी म्हणून बिअरचा विषय नव्हता. मॉरिनने पाहुण्यांसाठी घरभर हीटर लावून ठेवले होते आणि तळघराचं दार उघडं होतं, हे पर्सीच्या ध्यानातच आलं नाही.

बुधवारी पब उघडला. ब्रुअरीने दोन ताजी पिंपं पाठवली होती, दोन्ही निवळलेली. पर्सीने नळी जोडली ती डोरीनच्याच पिंपाला. उघडलेलं पिंप तीन-चार दिवसांत संपवायचं असतं, हे त्याने शंभर नवशिक्यांना बजावलं असेल. पण तो स्वतःला म्हणाला, एकच ग्लास तर काढला होता, खुंटी घट्ट बसवली होती, हवा जाणार कुठून? ग्लास उजेडात धरून बघितला तर तांब्याच्या नव्या भांड्यासारखा लखलखीत. आणि मनात हिशेब असा, की लूथर एका घोटात पिंपाचा वार सांगतो. तो काहीतरी बोलेलच. ‘ही गेल्या मंगळवारीच प्यायला हवी होती’ म्हणेल, किंवा ‘आत्ता कुठे तयार झाली’ म्हणेल. न विचारता उत्तर मिळेल.

लूथर आला, टोपी काढली, पुन्हा घातली. ग्लास उचलला. घोट घेतला. पर्सी काउंटरवर दोन्ही हात टेकून त्याच्या तोंडाकडे बघत होता. लूथरने ओठावरचा फेस मनगटाने पुसला. मग म्हणाला,

“छान आहे, पर्सी.”

पर्सीला वाटलं, दुःखाच्या भरात काहीतरी बोलला असेल. इतक्यात खाटीक हेडली आला. त्याने अर्धा ग्लास एका दमात संपवला, डोळे मिटले आणि म्हणाला, “फारच सुरेख झालीय.” संध्याकाळी डोमिनोच्या टेबलावरचे चौघं एकसुरात म्हणाले, “अप्रतिम.” गुरुवारीही तेच. कोणी ग्लास परत केला नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही. बायकांना कौतुकाचा एक शब्द न देता पन्नास-पन्नास वर्षं संसार केलेली ही माणसं, आणि पर्सीच्या बिटरवर फुलं उधळत होती.

शुक्रवारी दुपारी मॉरिन खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायला गेली आणि नाक धरून मागे सरली.

“पर्सी, ह्या कुंडीत कोणी काय ओतलंय? व्हिनेगरचा घाण वास येतोय! माती भिजून चिखल झालीय नुसती.”

कोपऱ्यातला हेडली छताकडे बघायला लागला. पर्सीने हेडलीकडे बघितलं. त्याला कळलं. बिटर आंबली होती. बुधवारपासून सगळं गाव आंबट बिअर पोटात नाहीतर कुंडीत घालत होतं आणि वर छान छान म्हणत होतं, कारण बायकोला पुरून आलेल्या माणसाला कोण बोलणार? आयुष्यभर ज्यांनी त्याला खरं तोंडावर सांगितलं, त्यांना एकदाच दया आली, आणि नेमकी तेव्हाच त्याला खऱ्याची गरज होती. साक्षीदार गेला होता. आता ते पिंप जगातल्या कुठल्याही जिभेला मंगळवारचं काही सांगणार नव्हतं.

कायद्याने पब दुपारी तीनला बंद करावा लागे; ती वेळ झाली. सगळे उठले. लूथर टोपी शोधत होता.

“लूथर, बस जरा,” पर्सी म्हणाला.

“तीन वाजले. कायदा आहे.”

“कायदा गेला खड्ड्यात. बिटर कशी आहे?”

“सांगितलं ना. छान आहे.”

“एकतीस वर्षांत तू मला छान म्हणाला नाहीस. तुझी मुलगी झाली तेव्हा तिला बघून ‘बरी आहे’ म्हणाला होतास. मी होतो तिथे.”

लूथर खाली बसला. “आंबलीय,” तो म्हणाला. “बुधवारीच आंबली होती. मी सात ग्लास प्यायलोय तीन दिवसांत. पोटाची नुसती वाट लागलीय.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुला? आत्ता? मी पोस्टमन होतो पर्सी, पण माणूसही आहे.”

पर्सी काउंटरमागून बाहेर आला आणि त्याच्यासमोर बसला. एकतीस वर्षांत तो गिऱ्हाइकाच्या बाजूला असा कधी बसला नसेल. “लूथर, मला कळलं नाही रे. मला चवच लागत नाही. गिरणीतल्या त्या अपघातापासून. सगळं डोरीनच...”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“अरे, मी रोज त्या खिडकीखाली बसतो. म्हातारा असेन, बहिरा नाही. एक ठोका पडला की आज मजा आहे. दोन पडले की कालच्या पिंपाचा तळ मिळणार, म्हणून मी उठून त्या ‘रेल्वे’ पबात जातो. पहिल्या वर्षीच ध्यानात आलं माझ्या.”

“आणखी कोणाला माहीत आहे?”

“सगळ्यांना. आम्हाला माहीत आहे हे तेवढं तुला माहीत नव्हतं. डोरीनला होतं. तिनेच दम दिला होता, कोणी पर्सीला बोललात तर याद राखा म्हणून.”

एरवी पर्सी ह्यावर हसला असता, किंवा चिडला असता. पण त्याच्या मनात दुसरंच काही उभं राहिलं होतं. त्या मंगळवारीही बाकावर लूथर होता. पिंपाखेरीज आणखी एक साक्षीदार होता, आणि तो रोज त्याच्यासमोर बसून आंबट बिअर पीत होता.

“लूथर,” तो म्हणाला, “त्या दिवशी तू किती ऐकलेस?”

लूथरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तिची कड बोटांनी फिरवत राहिला. हा प्रश्न कधीतरी येणार हे त्याला माहीत असावं.

“दोन,” तो म्हणाला.

“नक्की?”

“दोन मोजले. म्हटलं, आज काही खरं नाही. उठलो आणि रेल्वेकडे चालायला लागलो.”

पर्सीने श्वास सोडला. दहा दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. लूथरने ते बघितलं. इथेच तो थांबला असता तर एका माणसाला उरलेलं आयुष्य झोप लागली असती. पण आत्ताच त्याला कळलं होतं, की तीन दिवस गोड बोलून आपण ह्या माणसाचं काय केलं. आणि त्याचंही काळीज काही दगडाचं नव्हतं. दहा दिवस तोही ते एकटाच वागवत होता.

“पण पर्सी,” तो म्हणाला, “दुसरा टाचेचा नव्हता.”

पर्सी पुढे वाकला.

“टाच वाजते टक् अशी. पत्री आहे ना तिला. पहिला तसाच होता, रोजच्यासारखा. दुसरा जड होता. पिठाचं पोतं ठेवल्यासारखा. मी चॅपेलच्या वळणावर पोचलो तेव्हा मनात आलं की हे काहीतरी वेगळं वाजलं. थांबलो मी तिथे. खरंच थांबलो. मग म्हटलं, काहीतरी ठेवलं असेल खाली, आपल्याला काय करायचंय? आणि गेलो. रेल्वेत बसून अर्धा ग्लास प्यायलो. मी मागे वळलो असतो, दार वाजवलं असतं...” त्याने टोपी मुठीत चुरगळली. “बाहत्तर वर्षांचा बाप्या मी, इतकं साधं कळू नये मला?”

“म्हणजे एक,” पर्सी म्हणाला.

“एक.”

“म्हणजे बिटर बरी होती.”

“डोरीन म्हणाली म्हणजे होतीच.”

पर्सी रडला. आवाज न करता नाही, चांगला मोठ्याने रडला. मॉरिन आतून धावत आली आणि लूथरने तिला हाताने परत पाठवलं. “मी झाडत होतो रे,” पर्सी म्हणत होता, “मी शीळ घालत होतो. ती बरी आहे म्हणाली आणि मी खुंटी ठोकून बंद केली. तिने पास केलेली बिटर मी बंद करून ठेवली, आणि ती वर...” लूथर काही समजावत बसला नाही. तुझी चूक नव्हती असंही म्हणाला नाही. ते त्याला स्वतःलाही कोणी सांगून पटलं नसतं. तो नुसता बसून राहिला आणि समोरचा ग्लास, तो आंबट ग्लास, त्याने सगळा संपवला.

शनिवारी सकाळी पर्सीने ते पिंप मागच्या अंगणात काढलं आणि गटारावर तिरकं केलं. भरपूर उरली होती. गटाराच्या जाळीवर फेस उभा राहिला आणि पिवळट होऊन बसला. वास चढावरून खाली चॅपेलपर्यंत गेला. शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली, रस्त्यावरची पोरं नाक धरून पळाली. अख्ख्या गल्लीत तो वास न आलेला एकटा पर्सी. पिंप रिकामं झाल्यावर त्याने ते पाण्याने धुतलं, उलटं करून ठेवलं, आणि त्याच्या पोटावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.

लूथर कुंपणापाशी येऊन टेकला होता. काठी फरशीवर आपटत म्हणाला, “सोमवारपासून मी साडेदहाला आत येणार आहे. बाकावर थंडी वाजते.”

“तीस वर्षं वाजली नाही ती?”

“तीस वर्षं मी म्हातारा नव्हतो. नवं पिंप कोणीतरी चाखायला हवं की नको? का परत आम्ही छान छान म्हणत बसू?”

सोमवारी तो आला. पर्सीने त्याला पंप कसा ओढायचा, नळीतली शिळी बिअर कशी फेकायची ते दाखवलं. लूथरला ते सगळं माहीत होतं, पण ऐकून घेतलं. मग पर्सी खाली गेला आणि खुंटीवर हात ठेवून छताकडे बघत उभा राहिला. वर पंप दोनदा ओढल्याचा आवाज आला. शांतता. आणि काठीचा ठोका पडला. एक.

लूथर ओठ पुसत दुसरा घोट घ्यावा का ह्याचा विचार करत होता. तेवढ्यात तळघराचं दार धाडकन उघडलं आणि पर्सी वर आला. धापा टाकत होता. हातात फडकं तसंच होतं.

“एक मारला मी,” लूथर म्हणाला. “बरी आहे. वर कशाला आलास?”

“बघायला,” पर्सी म्हणाला. त्याने लूथरकडे नखशिखांत बघितलं, मग वळला आणि खाली जाऊन नळी पक्की केली.

लूथरने ते परत कधी विचारलं नाही. डोरीनएवढी त्याची जीभ धारदार नाही. मंगळवारचं पिंप बुधवारी उघडायला हवं होतं अशी कुरकुर हल्ली हेडली करतो, नाल्याच्या पाण्याचा विषयही अधूनमधून निघतो. पर्सीला ते ऐकून बरं वाटतं. त्याचे गुडघे आता साथ देत नाहीत, डॉक्टरने जिने टाळायला सांगितलेत. पण ठोका एक पडो नाहीतर दोन, पर्सी हातातलं सोडतो आणि आधी वर येतो. लूथर दोन पायांवर उभा आहे हे डोळ्यांनी बघतो, मगच खुंटीला हात लावतो. तळघरातून काउंटरपर्यंत अकरा पायऱ्या आहेत. त्या चढायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.